मुंगीएवढा झटका

“आत्या, हे रगात कुणाचं ओ?”

झाडायला म्हणून मनिषानं सासूच्या बाजेवरची गोधडी उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. पायथ्याच्या बाजूला भाकरीएवढा लाल डाग होता. ठमाबाई बाजेवरच बसून बशीतला चहा फुंकत होती. तिनं डागाकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं.

“मला काय म्हाईत? छकुलीचा घुळणा फुटला आसंल. कालच्याला दिसभर उन्हात हुंदडत हुती.”

“माजा न्हाय फुटला घुळणा,” छकुली म्हणाली. ती दुसरीत होती आणि नसता आळ तिला खपत नसे. नाक पुढं करून तिनं आधी आईला दाखवलं, मग आजीला. दाखवता दाखवता तिची नजर खाली गेली. “आज्जे, तुजा अंगठा बघ की!”

अंगणात शेळीपुढं पाला टाकत असलेला जोतीराम तो आवाज ऐकून आत आला. बायकोचा उजवा पाय त्यानं हातात घेतला आणि उजेडाकडं वळवला. अंगठ्याचं टोक कुरतडलेलं होतं. खवणीवर खोबरं ओढावं तशा बारीक दातांच्या ओळी, आणि कडेनं रक्त सुकून काळं झालेलं.

“उंदीर,” तो म्हणाला. “ठमे, तुला कळलं न्हाय?”

“काय कळायचंय?” ठमाबाईनं वाकून पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या पायाकडं पाहावं तसं पाहिलं. मग बशी फरशीवर ठेवली.

साखरेचा आजार तिला बऱ्याच वर्षांपासून होता. आधी पायांना मुंग्या यायच्या, मग ते जड झाले, मग कापसाचे झाले, आणि आता घोट्याखाली काहीच उरलं नव्हतं. चालताना चप्पल पायातून निसटून मागं राहायची, हिला पत्ता नसायचा. छकुली ती चप्पल हातात घेऊन मागून पळायची. घरात याची थट्टा व्हायची आणि ठमाबाईही त्या थट्टेत हसायची. सवयीनं माणूस कशालाही हसतं.

ती धनगराच्या वाड्यावर वाढलेली. दिवाळी सरली की तिच्या बापाची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागत. भांडी, कोंबड्या आणि तान्ही पोरं घोड्याच्या पाठीवर, चालती पोरं चालत. पायात काही घालायची पद्धत नव्हती. काटा मोडला तर तो बाभळीचा की बोरीचा, हे ती पाय न उचलता नुसत्या ठणक्यावरून सांगायची. लग्न होऊन शेळगावात आली तेव्हा सासरची मेंढरं विकून झाली होती, रानात ऊस उभा राहिला होता आणि नवरा हायस्कुलात कामाला लागला होता.

बारामतीच्या डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. मग जोतीरामला बाहेर बोलावलं.

“काका, ह्या वेळेला निभावलं. पुन्हा तिथंच चावलं आणि पू धरला, तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर थांबलं तर नशीब समजायचं. साखर असलेल्या माणसाचा पाय असाच जातो, वर वर सरकत.”

“पू न्हाय धरायचा,” जोतीराम म्हणाला.

“ते आपल्या हातात नसतं.”

“उंदीर तर हाय हातात.”

डॉक्टर हसले. चांगला माणूस होता, हसणं कुचकं नव्हतं. “उंदीर कुणाच्या हातात असतो, काका?”

येताना सबंध रस्ताभर जोतीराम एसटीच्या खिडकीतून तोडलेली रानं बघत होता. गोष्ट सरळ होती. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस होता. तोडणीची टोळी येऊन तो घेऊन गेली, मागचं पाचट पेटवून दिलं. वर्षभर उसात नांदलेले उंदीर उघड्यावर आले आणि समोर दिसेल त्या घरात घुसले. हे दरवर्षीचंच. वस्तीवर म्हणतात, पाहुणे आले. पाहुणे ज्वारी खात, साबण खात, एखादी चादर कुरतडत आणि नव्या उसाला पानं आली की निघून जात. पण या वर्षी त्यांना एक असा पाय सापडला होता, जो झटकत नव्हता.

“त्यांची तरी काय चूक?” बाजेवर टेकत ठमाबाई म्हणाली. “बिऱ्हाड मोडलं त्यांचं. जातील कुठं?”

“आत्या, त्यांनी तुमचा पाय खायला घेतलाय, आन् तुमी त्यांचीच कड घ्या!” मनिषा म्हणाली.

उंदराच्या औषधाच्या वड्या टाकायची सोय नव्हती. छकुली आजीपाशीच झोपायची आणि कोंबड्या घरभर हिंडायच्या. पिंजरा लावला तर पहिल्या दिवशी एक सापडला. बाकीचे त्याला वळसा घालून जायला शिकले. शेजारणीची मांजर आणली, ती दूध पिऊन ठमाबाईच्या पायांवरच निवांत झोपली. मुंग्यांसाठी ठेवतात तशा बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तर उंदीर त्यात भिजून वर चढले आणि गोधडीला पाय पुसल्यासारख्या खुणा करून गेले. पट्टीच्या मलमाचा वास त्यांना ओढून आणत होता. पट्टीवर घातलेल्या मोज्याला रोज एक नवं भोक पडत होतं.

मनिषाचा नवरा दीपक बारामतीला दूध डेअरीत कामाला होता. संध्याकाळी गाडी लावून आत आला, तो मोजा हातात घेऊनच बापासमोर उभा राहिला.

“आबा, लई झालं. सोपं काम हाय. बोर्डातनं एक वायर काढू, बाजंच्या भवती फिरवू. बिरदेवतात्यांनी डुकरांसाठी बांधाला लावलीया तशी. एका रातीत सुपडा साफ.”

जोतीरामनं आवाज चढवला नाही. आयुष्यात त्यानं तो कधीच चढवला नव्हता.

“छकुली रातचं उठती तवा पाय कुठं ठिवती रं?”

“तिला सांगू की.”

“झोपंतल्या पोरीला?”

“मग बटण मी बंद करत जाईन.”

“रातपाळीला आसलास म्हंजी?”

दीपक चिडला. “मंग आईचा पाय जाऊ द्यायचा व्हय?”

जोतीराम उठला. दाराजवळच्या बोर्डापाशी गेला, फ्यूज उपसून काढला आणि बंडीच्या खिशात टाकला. घर अंधारलं. दिवेलागणीची वेळ होती. आतून मनिषाचा आवाज आला, “मामा, भांडाण तुमचं बापलेकांचं, आन् अंधार माज्या भाकरीला?”

“दीपकनं शब्द दिला की उजेड देतो,” जोतीराम अंगणात बसत म्हणाला. “बोर्डाची वायर बाजंजवळ न्हाय यायची.”

दीपकनं अर्धी भाकरी अंधारातच खाल्ली. उरलेली अर्धी खायच्या आधी त्यानं शब्द दिला.

पण नको म्हणणं सोपं असतं. मग करायचं काय, हे त्याच्या पुढचं काम असतं, आणि ते नको म्हणणाऱ्याच्याच गळ्यात पडतं.

जोतीरामनं नोकरीची सगळी वर्षं हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत काढली होती. काचेच्या नळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्या पुसणं, तासाला लागेल ते सामान टेबलावर मांडणं. शिकवायचं काम सरांचं. तरी पोरांचा ओढा त्याच्याकडं, त्यांच्या ‘मामा’कडं. सरांना विचारायला भीती वाटली की पोरं मामाला विचारायची, आणि मामाला ठाऊक नसलं तर तो म्हणायचा, “थांब, आपण दोघं मिळून सरांना इचारू.”

एक तास मात्र त्याचा जीव की प्राण होता. वर्षातून एकदा कपाटातून कॉइल निघायची. लाकडी पाटावर बसवलेली, तांब्याच्या तारेचं जाड वेटोळं असलेली. नववीची पोरं हातात हात धरून गोल उभी राहायची. गोलाची दोन टोकं कॉइलला. सरांनी मान हलवली की मामानं बटण दाबायचं. गोलातून एक मुंगी धावत गेल्यासारखं व्हायचं, सगळा वर्ग एका आवाजात किंचाळायचा आणि मग हसून हसून लोळायचा. वस्तीवरच्या पोरांना करंट म्हणजे मरण एवढंच ठाऊक असे. विहिरीवर, मोटारीपाशी कुणाचं ना कुणाचं माणूस गेलेलं असे. जे पोर थरथरत मागं सरकायचं, त्याच्याशेजारी मामा स्वतः गोलात उभा राहायचा आणि सर बटण दाबायचे. “मी धरलाय न्हवं तुजा हात? मला जे हुईल तेच तुला.”

म्हणजे चावून सोडून देणारा करंट असतो, हे जोतीरामला माहीत होतं. तो कसा तयार होतो हे मात्र त्याला कधी पुरतं उमगलं नव्हतं. कॉइल कशी पुसून ठेवायची ते उमगलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो निमगाव केतकीला गेला. बाजाराच्या रस्त्याला स्वरूपाचं दुकान होतं. रानाच्या कुंपणाला लावायची झटका मशीनं ती दुरुस्त करायची. त्याच हायस्कुलातून दहावी झालेली पोरगी. पुढं बारामतीला डिप्लोमा केला आणि नोकरी न शोधता दुकान टाकलं.

“मामा, तुमी? या, बसा. कुंपणाचं मशीन बिघडलं का?”

“कुंपण न्हाय. बाज.”

“बाज?”

जोतीरामनं सगळं सांगितलं. पायाचं सांगताना तो थोडा अडखळला. स्वरूपानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

“कुंपणाचं मशीन घरात नको, मामा. ते डुकराच्या कातड्यासाठी हाय. तुमाला उंदराच्या मापाचं पायजे.”

“मुंगी चावल्यावानी. उंदीर पळावा, मरू नये. आन् नातीचा हात लागला तर तिनं रडू नये.”

“थोडी रडंल.”

“थोडी चालंल.”

तिनं कागदावर रेघा ओढून दाखवलं. फवारणीच्या पंपाची छोटी बॅटरी, एक डबी, डबीतून ठरावीक अंतरानं सुटणारा एक बारीक झटका, पापणी लवायच्या आत संपणारा. बोर्डाच्या विजेशी संबंध नाही. बॅटरी चार्ज करायची ती बाजेपासून सोडवून, दिवसा. जोतीराम एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता आणि ती न कंटाळता सांगत होती.

“तुमाला आठवतंय का?” मधेच ती म्हणाली. “कॉइलच्या तासाला मी पळून दाराशी गेल्ते. तुमी माजा हात धरून आणलं.”

जोतीरामनं आठवून पाहिलं. आठवलं नाही. इतके हात धरले होते. “आसंल,” तो म्हणाला, “पर तू मंग पळाली न्हाईस, एवढं दिसतंय.”

डबी घरी आली तेव्हा छकुलीनं ती चारी बाजूंनी पाहिली. टिक्… टिक्… असा तिचा आवाज येत होता.

“आबा, ह्यात करंट हाय, मंग माणूस कसं मरत न्हाय?”

जोतीराम तिला घेऊन अंगणातल्या पाण्याच्या टाकीखाली उभा राहिला. “टाकी केवढी उंच हाय बघ. पर तोटी बारीक केली की थेंब एकच पडतो. उंचावरनं टाळूवर पडला तर चटका बसतो. बसतो का न्हाय?”

“बसतो.”

“पर थेंबात कुणी बुडतं का?”

“न्हाय.”

“ही डबी म्हंजी तो थेंब. बोर्डाची वायर म्हंजी कालवा. कालव्यात बुडतंय माणूस.”

छकुलीनं टाळू चोळली आणि तिला ते पटलं.

पहिली चाचणी त्यानं गोठ्यात घेतली. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी कापली, लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकली, डबीची एक तार तिला जोडली आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. अनवाणी उभं राहून पट्टीला बोट लावलं.

“आय आय गं!”

शेळीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. बोट झिणझिणलं आणि सुटलं. अगदी कॉइलसारखं. जोतीराम खूश झाला. त्यानं तशाच चार पट्ट्या बाजेच्या चार पायांना लावल्या, सळई भिंतीपलीकडं अंगणात ठोकली, आणि मनिषाला म्हणाला, “आज मोजा फाटायचा न्हाय.”

सकाळी मोजा तर फाटला होताच, पण जखमेच्या पट्टीच्याही चिंध्या झाल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मनिषानं काय सुचलं म्हणून पट्टीवर दुधाची पिशवी गुंडाळून बांधली होती, तेवढ्यानं जखम वाचली. पिशवीला दात लागले होते. गोधडीवर लेंड्या पडल्या होत्या. डबी मात्र इमानानं टिक् टिक् करत होती.

“बेंडबाजा लावून जेवायला घातलं व्हय पाहुण्यांना?” ठमाबाई म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. दीपक बोर्डाकडं बघत होता. शब्द दिला होता. पण त्याचं बघणं जोतीरामला ऐकू आलं.

जोतीरामनं ठमाबाईच्या अंगठ्याला नवी पट्टी बांधली. आज रात्र व्हायच्या आत हे सुटलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो बाजेशेजारी फरशीवर अनवाणी उभा राहिला आणि पत्र्याच्या पट्टीला बोट लावलं. बोटावरून कुणीतरी पीस फिरवल्यासारखं झालं, बस. त्यानं तीच तार गोठ्यात नेली, बोट लावलं. हात झटकला गेला. पुन्हा घरात. पुन्हा गोठ्यात. छकुली त्याच्या मागून येरझाऱ्या घालत होती.

“आबा, गोठ्यातला करंट मोठा हाय का?”

“डबी तीच, तार तीच. मंग मोठा कसा हुईल?” जोतीराम थांबला. शाळेत पोरांना विचारायचा तसं त्यानं तिला विचारलं, आणि विचारता विचारता स्वतःलाही. “गोठ्यात आसं काय हाय, जे हितं न्हाय?”

“शेळी.”

“शेळी बाजूला ऱ्हाऊ दे. खाली बघ.”

“शेण. मूत. वल.” छकुलीनं खाली पाहिलं, मग घराच्या दाराकडं पाहिलं. “आन् हितं फरशी.”

जोतीराम उंबऱ्यावरच बसला. गोठ्याची जमीन सारवलेली आणि ओलसर. घरातलंही सारवण होतं, अगदी गेल्या वर्षापर्यंत. मग मनिषानं हट्ट धरला, दीपकनं फरशी बसवली, आणि जोतीरामच्या डोक्यातलं घर मात्र सारवलेलंच राहिलं. पाटाला पाणी सोडलं, पण पलीकडं वाटच ठेवली नाही तर ते वाहील कसं? उंदराच्या अंगात शिरलेला झटका पायातून जमिनीत जायला हवा. कोरड्या फरशीनं त्याची वाट बंद केली होती.

त्यानं स्वरूपाला फोन लावला. तिकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

“मामा, चूक माजी. मी इचारलंच न्हाय. तुमचं घर म्हंजी सारवलेलं, हेच धरून चालले. आता आसं करा, पायाला दोन पट्ट्या लावा. एक खाली, एक वर. खालची परतीची, वरची झटक्याची. उंदीर चढताना मागचं पाय एकीवर आन् पुढचं दुसरीवर पडतील. जमीन लागायचीच न्हाय.”

“दोघींत अंतर?”

“उंदराच्या मापाचं. आन् लाकडाला चिकटवू नका, खाली काहीतरी पिलाश्टिक घ्या.”

ठिबकची जुनी नळी घरामागं पडलेली होती. जोतीरामनं तिचे तुकडे केले, उभे चिरले आणि बाजेच्या पायांना मोजे घालावेत तसे बसवले. त्यावर पत्र्याच्या पट्ट्या. छकुलीचं बोट कापू नये म्हणून प्रत्येक पट्टीची धार दुमडून ठोकली. पहिल्या पायाला दोन पट्ट्या फार जवळ आल्या. ठिणगी तडतडली आणि झटका आपला आपणच विरून गेला. त्यानं त्या काढल्या, सरळ केल्या, पुन्हा बसवल्या. मनिषानं जेवायला हाक मारली, तो हूं म्हणाला आणि गेला नाही. ती ताट तिथंच घेऊन आली. बाज भिंतीपासून ओढून मधोमध घेतली, गोधडीची लोंबणारी टोकं आत खोचली. चारी पाय चकाकायला लागले तसं मनिषा हसली.

“मामांनी बाजंला पैंजण घातलं बगा!”

दीपक कामावरून आला तेव्हा जोतीरामनं त्याला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. “आधी हात लाव. घरातल्या प्रत्येकानं लावायचा. मंगच ही डबी रात्री चालू ऱ्हाणार.”

दीपकनं एक बोट खालच्या पट्टीवर, एक वरच्या पट्टीवर ठेवलं, आणि “आयला!” म्हणून मागं उडाला तो थेट दारात.

“हे रानडुकरं मारायला निघालं हुतं!” मनिषा पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिनंही बोटं लावली आणि हसणं मधेच तुटलं. मग छकुली. तिनं एक हात आजोबाच्या हातात दिला, दुसऱ्या हाताची दोन बोटं पट्ट्यांवर टेकवली, डोळे विस्फारले, बोटं झटकली. ओठ थरथरला. आता रडते की काय म्हणून सगळे बघत राहिले.

“परत,” छकुली म्हणाली.

ठमाबाई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. एरवी एवढ्या गोंधळात तिच्या तोंडून चार टोमणे निघाले असते.

सकाळी सगळ्यांत आधी जोतीराम बाजेपाशी गेला. अंगठ्याची पट्टी पांढरीशुभ्र होती. एका पायाच्या बुडाशी लेंड्या होत्या, वर एकही नव्हती. त्यानं गोधडी झटकून पाहिली, उशी उलटून पाहिली. मग अंगणात जाऊन शेळीला नेहमीपेक्षा जास्त पाला टाकला.

दोन-चार दिवस दिवेलागणीला बाजेखालून एखादी चिरक ऐकू यायची आणि सुर्र करून काहीतरी कपाटाखाली पळायचं. मग तेही थांबलं. उंदीर कडब्याच्या गंजीत राहायला गेले. “ऱ्हाऊ द्या तितं,” ठमाबाई म्हणाली. “तितं कुणाचा पाय न्हाय.”

पुढच्या वेळी बारामतीच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली ती परत बांधलीच नाही. जखम भरून आली होती. नखाशेजारी नवी गुलाबी कातडी धरली होती. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, “म्हणजे उंदीर हातात आला म्हणायचा, काका.”

“हातात न्हाय, सायेब,” जोतीराम म्हणाला. “पायाखाली.”

दोघं घरी आली तेव्हा दुपार होती. मनिषा खुरपणीला गेलेली, छकुली शाळेत. ठमाबाई खुर्चीवर टेकली. जोतीराम पाणी घेऊन आला, तर ती म्हणाली,

“मशीन चालू करा.”

“आत्ता? दिसाढवळ्या?”

“करा म्हनते न्हवं.”

त्यानं डबी जोडली. टिक्… टिक्…

“समद्यांनी हात लावला,” ठमाबाई म्हणाली. “मला कुणी इचारलं न्हाय.”

हे खरं होतं. बाज तिची, पाय तिचा, आणि गोलात तिलाच कुणी उभं केलं नव्हतं. जोतीरामनं खुर्ची बाजेजवळ सरकवली. तिनं वाकून दोन बोटं पट्ट्यांवर ठेवली.

“आगं बया बया बया!” हात झटकून ती हसायला लागली. एखाद्या पोरीसारखी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पदरानं डोळे पुसले. मग हसणं आवरून म्हणाली, “आता पाय.”

तेव्हा जोतीरामला कळलं, की त्या संध्याकाळी ती कशासाठी गप्प होती.

“ठमे, आत्ताच कुठं जखम भरलीया.”

“अंगठा लांब ठिवा. तळव्याला लावा. हाताला एवढं कळलं. पायाला कळंल तेवढं कळंल.”

तो खाली फरशीवर बसला. तिचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला आणि तळव्याची मऊ जागा हलकेच दोन्ही पट्ट्यांवर टेकवली. ठमाबाईनं डोळे मिटून घेतले होते. खुर्चीचे हात घट्ट धरले होते, थोड्या वेळापूर्वीचा झटका आठवून.

टिक्.

जोतीरामच्या तळहातात तिचा पाय उडाला. बारकी बोटं फाकली आणि मिटली.

टिक्. पुन्हा फाकली, मिटली.

“लावा की,” डोळे न उघडता ठमाबाई म्हणाली. “कवाधरनं वाट बघतीया. भ्या न्हाय मला.”

घाबरलेल्या पोरांशीसुद्धा जोतीराम कधी खोटं बोलला नव्हता.

“लावलाय, ठमे.”

तिनं डोळे उघडले. त्याच्याकडं पाहिलं, मग खाली पायाकडं. टिक् झालं की बोटं हलत होती, आपली आपण.

“हलतोय की,” ती म्हणाली.

“व्हय. हलतोय.”

“मंग हाय आजून.”

त्यानं डबीची तार काढली. टिक् टिक् थांबली. तो आधार द्यायला उठला, पण ती आपली आपण बाजेवर सरकली. मग वाकली, निजलेलं कोकरू उचलावं तसा तिनं दोन्ही हातांनी आपला पाय उचलून बाजेवर घेतला आणि त्याच्यावरून गोधडी नीट सारखी केली.